पंख छातीवर, पायलट खुर्चीवर

दाबोळीला उतरणाऱ्या प्रवाशांना टॅक्सीवेच्या पलीकडे नौदलाची विमाने दिसतात. आयएनएस हंसा हा तळ आणि नागरी विमानतळ यांची धावपट्टी एकच आहे. वास्को, चिखली, बोगमाळोच्या लोकांना त्या विमानांचे आवाज ओळखता येतात, आणि तळावरची मानाची उतरंडही बाहेरून थोडीफार कळते. सगळ्यात वर मिग-२९के उडवणारे. विमानवाहू नौकेच्या डेकवर हूकने तार पकडून उतरणारा पायलट हा नौदलाच्या हवाई शाखेचा राजा. त्याची तालीम जमिनीवर करता यावी म्हणून हंसावर स्की-जंप, म्हणजे टोकाशी वर वळलेली धावपट्टी, आणि अडवणाऱ्या तारांची सोय आहे. तेजसची नौदल आवृत्ती सप्टेंबर २०१९ मध्ये पहिल्यांदा तार पकडून उतरली ती इथेच. मग लांब पल्ल्याची गस्ती विमाने, मग हेलिकॉप्टर आणि डॉर्नियर. (हेलिकॉप्टरवाले हा क्रम मान्य करणार नाहीत. रात्री उसळत्या समुद्रावर छोट्या डेकवर उतरून दाखवा, म्हणतील, आणि त्यांचे बरोबर आहे.)

या उतरंडीत ड्रोनचा पायलट कुठे बसतो? ‘तंत्रज्ञान नवे आहे, लष्कर जुन्या वळणाचे आहे, वेळ लागेल’ हे उत्तर नेहमी ऐकू येते. मला ते पटत नाही. स्क्रीनसमोर बसून लढण्याला लष्कराने कधीच कमी लेखलेले नाही.

याचा पुरावा हंसावरच उभा आहे. मार्च २०२२ मध्ये इथे पी-८आय विमानांची आयएनएएस ३१६ ही स्क्वाड्रन दाखल झाली. पी-८आय हे बोइंग ७३७ वर बेतलेले पाणबुडीशोधक विमान. पुढे दोन पायलट असतात, पण पाणबुडी शोधण्याचे खरे काम मागे, ओळीने मांडलेल्या कन्सोलवर चालते. तिथला ऑब्झर्व्हर खिडकीतून समुद्र पाहत नाही. सोनोबॉयचे, म्हणजे पाण्यात टाकलेल्या ध्वनिग्राहकांचे, आवाज, रडारचे ठिपके, कॅमेऱ्याचे चित्र, सगळे पडद्यावर. बटणे दाबूनच तो टॉर्पेडोपर्यंत पोहोचतो. त्याला कुणी ‘व्हिडिओ गेम खेळणारा’ म्हणत नाही. आता तीच खुर्ची, तोच पडदा विमानातून काढून तामिळनाडूत अरक्कोणमच्या आयएनएस राजाळी तळावर एका खोलीत ठेवा. नौदलाचे सीगार्डियन ड्रोन तिथूनच उडतात, आणि त्याच तळावर पी-८आयची पहिली स्क्वाड्रनही आहे. काम जवळपास सारखे, पाहायचा समुद्रही तोच. विमान कोसळले तर पहिला माणूस त्याच्यासोबत जातो, दुसरा जात नाही. मानातला फरक इथून सुरू होतो.

नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेकडून भाड्याने घेतलेले दोन सीगार्डियन नौदलाच्या सेवेत आले. त्याच महिन्यात विमानवाहू नौका विक्रमादित्यवरून उडालेले मिग-२९केचे प्रशिक्षण विमान गोव्याजवळ अरबी समुद्रात कोसळले. एक वैमानिक वाचला, दुसऱ्याचा मृतदेह बऱ्याच दिवसांनी समुद्रातून मिळाला. सप्टेंबर २०२४ मध्ये भाड्याच्या दोनांपैकी एक सीगार्डियन बिघाडामुळे बंगालच्या उपसागरात उतरवावा लागला आणि गेला. त्याची बातमी किमतीची आणि कराराची झाली. स्क्वाड्रनच्या भिंतीवर फोटो लागतो तो पहिल्या अपघातानंतर. लष्करी संस्कृती त्या भिंतीभोवती घडते, आणि ड्रोनच्या तुकडीकडे ती भिंत नसते. चांगलेच आहे, पण त्याचे परिणाम होतात.

अवहेलना करणाऱ्यांना बहुतेक वेळा हे काम काय आहे तेच माहीत नसते, म्हणून आधी ते सांगतो. सगळ्यात जास्त माहिती उघड आहे ती अमेरिकी हवाई दलाच्या एमक्यू-९ रीपरबद्दल.

रीपरच्या पंखांची लांबी २० मीटर, म्हणजे खेळण्यातले विमान नव्हे. ते उडवणारी जोडी नेव्हाडात लास वेगासच्या वायव्येला क्रीच तळावर, कंटेनरएवढ्या खोलीत बसते. डाव्या खुर्चीत पायलट, उजव्या खुर्चीत सेन्सर ऑपरेटर, म्हणजे कॅमेरा आणि लेझर सांभाळणारा. गुप्तवार्ता समन्वयक वेगळा. शिफ्टच्या सुरुवातीला हवामान, परिसरातली इतर विमाने, खालच्या तुकडीचा बेत, शस्त्र वापरण्याचे नियम यांची ब्रीफिंग होते. मग जोडी खोलीत जाते आणि आधीच्या जोडीकडून विमान हवेतच ताब्यात घेते. बहुतेक शिफ्टमध्ये पायलट ना उड्डाण करतो ना लँडिंग. ते काम युद्धक्षेत्राजवळच्या धावपट्टीवरची दुसरी तुकडी करते.

हे असे का, याचा हिशेब सोपा आहे. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर. सिग्नलने वर जाऊन खाली यायचे म्हणजे सुमारे ७१,६०० किलोमीटर, प्रकाशाच्या वेगाने पाव सेकंदाला थोडे कमी. आज्ञा विमानापर्यंत जायला एक खेप, तिचा परिणाम पडद्यावर दिसायला दुसरी, म्हणजे अर्धा सेकंद उपग्रहातच गेला. अमेरिकेतून जर्मनीतल्या रामश्टाइन इथल्या उपग्रह-केंद्रापर्यंतची केबल, चित्राचे संकेतन, कूटबद्धीकरण हे धरून उशीर दीड-दोन सेकंदांपर्यंत जातो. जमिनीपासून काही मीटरवर विमान डावीकडे कलले, पायलटने उजवीकडे दाबले, परिणाम दिसला नाही म्हणून आणखी दाबले, तोवर पहिली आज्ञा पोहोचली आणि मागोमाग दुसरी. विमान उजवीकडे गरकन वळते. म्हणून लँडिंग थेट रेडिओच्या टप्प्यात बसलेल्या माणसाकडे. एमक्यू-९बी, म्हणजे आपण घेतलेल्या सीगार्डियनच्या पिढीत, उड्डाण आणि लँडिंग आपोआप होते आणि ही अडचण बरीच मिटते.

पायलटची दुसरी अडचण शरीराची. कॉकपिटमधल्या माणसाला इंजिनचा आवाज बदललेला कळतो, खुर्चीतून थरथर कळते, पोटात गोळा येतो तेव्हा विमान खाली बसते आहे हे समजते. ड्रोनच्या खोलीत यातले काही नाही. रीपरच्या आधीच्या प्रीडेटर ड्रोनच्या नाकावरच्या कॅमेऱ्याला सुमारे ३० अंशांचे दृश्य होते, बाजूला काय आहे ते दिसतच नसे. आपल्याकडच्या सर्चर ड्रोनवर वेगळीच पद्धत होती: धावपट्टीशेजारी उभा असलेला ‘एक्स्टर्नल पायलट’ हातातल्या खोक्यावरून विमान उडवायचा आणि उतरवायचा, वर गेले की आतल्या पायलटच्या हवाली करायचा. विमान आपल्याकडे तोंड करून येत असताना डावे-उजवे उलटे होते. वाऱ्याच्या झोतात, टेकण्याच्या पाच सेकंद आधी, ते डोक्यात उलटवून हात चालवणे हे कौशल्य फार थोड्यांना येते. अशा माणसाला ‘खऱ्या’ पायलटांच्या रांगेत मागे उभे करणे मला तेव्हाही चमत्कारिक वाटायचे.

शस्त्र सोडण्याची पद्धत पाहा. जमिनीवरचा नियंत्रक ठरलेल्या नमुन्यात लक्ष्याची माहिती देतो. पायलट लक्ष्याची उंची, ठिकाण आणि घातलेली बंधने परत वाचून दाखवतो. जुळली नाहीत तर पुन्हा पहिल्यापासून. परवानगी मिळाली की पायलट ट्रिगर ओढतो, आणि खरे काम सेन्सर ऑपरेटरच्या हातात जाते. हेलफायर क्षेपणास्त्र लेझरच्या ठिपक्यावर जाते, म्हणून आदळेपर्यंत ठिपका हलता कामा नये. हा वेळ वीस-तीस सेकंदांचा असू शकतो. एवढ्यात रस्त्यावर मूल आले तर आधीच हेरून ठेवलेल्या रिकाम्या जागेकडे ठिपका सरकवायचा आणि क्षेपणास्त्र तिकडे वाया घालवायचे. नंतर लढाऊ विमान निघून जाते, रीपर निघत नाही. कोण मेले, कोण आले, कुणी प्रेत उचलले हे पाहत राहणे हाही कामाचा भाग. त्याआधी कित्येक दिवस त्याच माणसाला चहा पिताना, मुलांशी खेळताना पाहिलेले असते. लांबून लढतात हे खरे, पण जवळून पाहतात. बॉम्ब टाकणाऱ्या जेटच्या पायलटला यातले फारसे दिसत नाही.

चूक कशी होते याचे सगळ्यात नीट तपासलेले उदाहरण युद्धातले नाही. २५ एप्रिल २००६ ची पहाट, अमेरिकेच्या ऍरिझोना राज्यात नोगालेसजवळ सीमा गस्तीवरचा प्रीडेटर-बी. पायलटचा कन्सोल अडकला. शेजारचा कन्सोल कॅमेऱ्याचा, पण दोन्ही अगदी सारखे, हवा तो पायलटचा करता येई. एकच लिव्हर पायलटच्या कन्सोलवर इंजिनचे इंधन चालू-बंद करतो आणि कॅमेऱ्याच्या कन्सोलवर भिंगाचा पडदा उघडतो-मिटतो. बदल करण्यापूर्वी दोन्हींचे लिव्हर एका जागी आणावेत, असे चेकलिस्टमध्ये लिहिलेले. ते झाले नाही. कॅमेऱ्याचा लिव्हर ज्या जागी होता, ती पायलटच्या कन्सोलवर ‘इंधन बंद’ ची जागा. नियंत्रण बदलताक्षणी इंजिन थांबले. इंजिनवरचा जनित्र थांबला, वीज वाचवायला विमानाने उपकरणे बंद करायला सुरुवात केली, त्यात उपग्रहाचा दुवाही गेला. विमान घसरत रेडिओच्या नजरेखाली गेले आणि टेकड्यांमध्ये पडले. जमिनीवर कुणाला इजा झाली नाही.

कॉकपिटमधला पायलट असता तर इंजिनचा आवाज थांबताच हात लिव्हरकडे गेला असता. इथे आवाजच नव्हता. दुवा तुटला तर विमान आधी भरून ठेवलेल्या मार्गाने फिरते, म्हणून तो आपत्कालीन मार्ग जागा बदलेल तसा पुन्हा पुन्हा भरत राहणे ही या पायलटची रोजची शिस्त. विसरला तर विमान तीन तासांपूर्वीच्या योजनेप्रमाणे मधल्या डोंगराचा विचार न करता परत निघेल. हे शिस्तीचे कौतुक मेसमध्ये सांगण्याजोगे नसते, हा त्याचा तोटा.

आता मानाकडे. लष्करात मान बोलून दाखवण्यापेक्षा वस्तूंतून दिसतो. छातीवरचे पंख, पदक, भत्ता, बढतीचा बोर्ड.

ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सने २०१३ मध्ये ड्रोनच्या पायलटांना पंख दिले, पण त्यावरची पाने नेहमीच्या तपकिरीऐवजी निळी. लांबून फरक दिसत नसे, जवळून दिसे. याहून नेमका अपमान शिंप्याला सुचला नसता.

अमेरिकेतला तमाशा मोठा. १३ फेब्रुवारी २०१३ रोजी संरक्षणमंत्री लिऑन पॅनेटा यांनी ‘डिस्टिंग्विश्ड वॉरफेअर मेडल’ जाहीर केले. ११ सप्टेंबर २००१ नंतर ज्यांच्या कामाचा लढाईवर थेट परिणाम झाला, पण जे रणांगणावर नव्हते, त्यांच्यासाठी. क्रम ब्राँझ स्टारच्या वर, आणि जखमी होणाऱ्यांना मिळणाऱ्या पर्पल हार्टच्याही वर. माजी सैनिकांच्या संघटना खवळल्या. नवे मंत्री चक हेगल यांनी १५ एप्रिलला ते रद्द केले, एकालाही मिळण्यापूर्वी. जानेवारी २०१६ मध्ये तोडगा निघाला: जुन्याच पदकांवर छोटे अक्षर. शत्रूच्या हल्ल्याच्या धोक्यात स्वतः असलेल्याला ‘सी’, लांबून परिणाम घडवणाऱ्याला ‘आर’. धोक्यात शरीर होते की नव्हते, हाच निकष आता पितळेत कोरलेला आहे. ब्रिटनने २०१८ मध्ये इराक-सीरियातल्या मोहिमेचे पदक रीपरच्या तुकड्यांनाही दिले, तेही त्या क्षेत्राबाहेर बसलेल्यांसाठी, वेगळ्या प्रकाराने.

आपल्याकडे हा वाद झाला नाही, आणि त्याचे कारण मजेशीर आहे. वीरचक्र, महावीरचक्र, परमवीरचक्र यांची अट शत्रूसमोरचे शौर्य. पण १९८० पासून युद्ध सेवा पदकांची वेगळी मालिका आहे, लढाईच्या काळातल्या विशेष सेवेसाठी. आणि मानाच्या क्रमात सर्वोत्तम युद्ध सेवा पदक महावीरचक्राच्या वर, उत्तम युद्ध सेवा पदक वीरचक्राच्या वर. म्हणजे ज्यावरून अमेरिकेत रान उठले ते आपल्या यादीत चाळीसहून अधिक वर्षे शांतपणे बसले आहे. कुणी आरडाओरडा केला नाही, कारण वरची दोन पदके वरिष्ठ सेनानींना जातात. तेच स्थान खोलीत बसलेल्या लेफ्टनंटला दिले असते तर पाहायला हवे होते.

बढतीचा मुद्दा पदकापेक्षा जास्त बोचतो. अमेरिकी हवाई दलाने सुरुवातीला लढाऊ आणि मालवाहू विमानांचे पायलट काही वर्षांसाठी ड्रोनवर पाठवले. ज्याला सोडायला स्क्वाड्रन तयार तोच बहुधा यायचा, आणि परत गेल्यावर उडण्याचे तास मागे पडलेले. २००८ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी हवाई दल या कामाला पुरेसा जोर लावत नाही अशी जाहीर तक्रार केली. नंतर ड्रोनच्या पायलटांची वेगळी शाखाच काढली. त्यांना छोट्या विमानावर सुमारे ४० तास उडवतात आणि पुढचे सगळे सिम्युलेटर व कन्सोलवर. २०१४ च्या अमेरिकी लेखापरीक्षण अहवालात या पायलटांना बहुतेक बोर्डांत इतर अधिकाऱ्यांपेक्षा कमी बढत्या मिळाल्याचे आले. कारण समजण्यासारखे आहे: सलग शिफ्ट चालवायला माणसे कमी, मग अभ्यासक्रमाला, स्टाफ नेमणुकीला, पुढच्या शिक्षणाला कुणाला सोडायचे? बोर्ड तेच पाहतो. लोक सोडून जाऊ लागले तेव्हा २०१५ मध्ये वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत बोनस आला, तो पुढे ३५,००० पर्यंत गेला. त्याच देशाच्या भूदलात मात्र साधे सैनिक ग्रे ईगल ड्रोन उडवतात, आपोआप उतरणारे. अधिकाऱ्याची खुर्ची हवी की नको, हा तांत्रिक प्रश्न नव्हताच. हवाई दलाने डिसेंबर २०१५ मध्ये ग्लोबल हॉक या टेहळणी ड्रोनसाठी बिगर-अधिकाऱ्यांना दार उघडले.

मानसिक त्रासाबद्दल बरेच भडक लिहिले जाते. २०१३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या आरोग्य विभागाने तपासले तेव्हा ड्रोनच्या पायलटांत मानसिक आजारांच्या नोंदी विमानातल्या पायलटांइतक्याच निघाल्या. थकव्याच्या तक्रारी मात्र खऱ्या, आणि त्यांचे मूळ बदलत्या शिफ्ट, अपुरी माणसे, झोप. तैनातीवरच्या सैनिकाभोवती त्याची तुकडी असते. हा माणूस गाडी चालवून घरी जातो आणि काय पाहिले ते बायकोलाही सांगू शकत नाही. क्रीचवर म्हणून गुप्ततेची परवानगी असलेले मानसतज्ज्ञ आणि धर्मगुरू तुकडीतच ठेवले.

शरीराच्या धोक्यावरच मान ठरतो हे युक्रेनने उलट बाजूने सिद्ध केले. तिथला एफपीव्ही, म्हणजे ड्रोनच्याच कॅमेऱ्यातून पाहत उडवणारा, पायलट आघाडीपासून काही किलोमीटरवर खंदकात बसतो. अँटेना उंचावर हवा, पण अँटेनाखाली बसला तर मेलाच, म्हणून केबल लांबवून ती दूर उभी करतात. सोबत स्फोटके जोडणारा, नकाशा पाहणारा. रशियाने २०२४ मध्ये ‘रुबिकॉन’ नावाची तुकडी उभारली, तिच्या मुख्य कामांत अशा ऑपरेटरांची शिकार आहे. तिथे ड्रोनच्या पायलटला व्हिडिओ गेमवाला म्हणणारा कुणी सापडणार नाही. युक्रेनने त्याच वर्षी मानवरहित दलांची स्वतंत्र शाखा केली. हातातला कंट्रोलर जवळपास सारखा आहे, खुर्चीची जागा वेगळी.

आपल्या सैन्यात दोन्ही प्रकार एकाच वेळी येत आहेत. ऑक्टोबर २०२४ च्या करारातून ३१ एमक्यू-९बी येणार, त्यातले १५ नौदलाचे, भूदल आणि हवाई दलाला ८-८. दुसरीकडे जुलै २०२५ मध्ये भूदलप्रमुखांनी पायदळाच्या बटालियनींत ‘अश्नी’ ड्रोन प्लाटून जाहीर केल्या. अश्नीचा जवान खंदकातच असेल, त्याला मानाची चिंता नाही. प्रश्न अरक्कोणमच्या खोलीतल्याचा आहे. भूदलात ड्रोन आधी तोफखान्याकडे होते, मग ते आर्मी एव्हिएशनकडे गेले. पालक बदलला की स्थान बदलते.

गोव्यातून एनडीए किंवा सीडीएसची तयारी करणाऱ्यांना अनेकदा वाटते की डोळ्यांचा नंबर किंवा पाठीचा मणका आडवा आला की ‘निदान ड्रोन’ आहेच. हवाई दलाने ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर केलेली वेपन सिस्टिम्स शाखा तशी पळवाट नाही. तिचे चार प्रवाह: जमिनीवरून जमिनीवर मारा करणारी क्षेपणास्त्रे, जमिनीवरून हवेत मारा करणारी क्षेपणास्त्रे, दूरनियंत्रित विमाने, आणि एकाहून अधिक जणांच्या विमानातले शस्त्र-ऑपरेटर. जाहीर करताना प्रमुखांनी उड्डाण प्रशिक्षणावरचा ३,४०० कोटींहून अधिक खर्च वाचेल असे सांगितले. खर्चाच्या कारणाने जन्मलेल्या शाखेला घरात कसे वागवतात ते पाहायचे. नौदलाच्या दूरनियंत्रित विमानांच्या प्रवाहात २०२१ पासून महिला अधिकारी आहेत, ही चांगली गोष्ट. ज्या जागेसाठी भांडण कमी असते ती आधी उघडते, हेही त्यात आहे.

विंग कमांडर हुद्दा १३ वर्षांच्या सेवेनंतर वेळेनुसार मिळतो, तिथवर कुणाला अडवले जात नाही. ग्रुप कॅप्टनपासून निवड सुरू होते. या शाखेच्या पहिल्या तुकड्यांची नावे त्या बोर्डासमोर येतील ती साधारण २०४० च्या आसपास. तेव्हा कुठल्या तळाची कमान कुणाकडे गेली, ही यादी मी काढून पाहणार आहे.